वजन उतरवून देणारे गल्लोगल्ली, ते टिकवायचं कुठे?

बसस्टँडपासून कोर्टापर्यंत चालत गेलं तर आपल्या गावात आज वजन कमी करून देणाऱ्या पाच पाट्या लागतात. दोन ठिकाणी सकाळी शेक मिळतो, एका ठिकाणी पोटाला पट्टा बांधून मशीनवर हलवतात, एक काढा आहे, आणि पाचव्या पाटीवर नुसतंच लिहिलंय, 'तीस दिवसांत दहा किलो, डाएट नाही, व्यायाम नाही'. खाली मोबाइल नंबर. (पाटी रंगवणारा माझा दोस्त. म्हणाला, यांचे पैसे आधी रोख घ्यायचे, तीन महिन्यांनी माणूस जागेवर सापडत नाही.)

चेष्टा करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. गिऱ्हाईक असल्याशिवाय पाटी लागत नाही, आणि इथे गिऱ्हाईक खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हेच आकडे २१ आणि १९ च्या आसपास होते. आयसीएमआरचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात देशातले मधुमेही १० कोटींच्या वर गेलेले दिसले आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटींहून जास्त. हे सगळे काय मुंबई-पुण्याचे नाहीत. आपल्या ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्यांची रांग कुठपर्यंत येते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना आकडे सांगायची गरज नाही.

माझं म्हणणं असं आहे, की वजन उतरवणं हा धंदा झालाय, कारण ते तीन महिन्यांत दिसतं आणि त्याचा आधीचा-नंतरचा फोटो काढता येतो. टिकवणं विकता येत नाही. त्याला वर्षानुवर्षं रोजचं ताट, रोजचं चालणं आणि रात्रीची झोप लागते. यातलं निम्मं घरात ठरतं आणि निम्मं नगरपरिषदेत. दुसऱ्या निम्म्याबद्दल या आठवड्यात बोलायलाच हवं, कारण शुक्रवारी एका गोष्टीची मुदत संपतेय. तिकडे येतोच. आधी घरातलं.

उतरलेलं वजन परत का येतं? लोक म्हणतात, 'कंट्रोल सुटला'. एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाची टीव्हीवर वजन कमी करायची स्पर्धा असायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत माणशी सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. पण खरी गोष्ट पुढे आहे. या लोकांचं शरीर बसल्या जागी जेवढं खर्च करायला हवं, त्यापेक्षा दिवसाला ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं, आणि तेसुद्धा सहा वर्षांनंतर! म्हणजे उपाशी ठेवलेलं शरीर दुष्काळ पडला असं समजतं आणि खर्च आवळतं. आपल्याकडच्या जुन्या बाया दुष्काळात घर चालवायच्या, तसंच. वर भूक वाढते ती वेगळीच. आता सांगा, यात त्या माणसाच्या मनाचा कमकुवतपणा कुठे आला?

इंजेक्शनांचंही तेच. २०२५ पासून आपल्या देशात ही वजनाची नवी इंजेक्शनं मिळू लागली. ज्यांना डॉक्टरांनी विचार करून दिली त्यांच्यासाठी ती चांगली आहेत, मी डॉक्टर नाही, त्यात पडत नाही. पण सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं, हे घेणाऱ्याला माहीत असावं. औषधाने भूक धरून ठेवली होती. औषध गेलं, भूक आली, आणि ताट जुनंच होतं.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. आपल्या आगारातले एक ड्रायव्हर. 'नाव टाकू नका पत्रकार, लोक टिंगल करतात' म्हणाले, म्हणून टाकत नाही. वय ५१. चार वर्षांपूर्वी वजन ८८ किलो, शुगर नुकतीच लागलेली, आणि डोक्यात एकच भीती की मेडिकलमध्ये अनफिट केलं तर स्टेअरिंग जाईल. हा माणूस आठ-आठ तास बसून काम करणार, मुक्कामी गाडी असली की परगावी एसटीच्या विश्रांतीगृहात झोपणार, पहाटे चारला उठणार. लांब पल्ल्याची गाडी ज्या हॉटेलात थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण फुकट असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. फुकट म्हणजे काय, तर वडा, पुरीभाजी, तर्रीची मिसळ आणि वर हवा तेवढा चहा.

त्यांनी पहिल्यांदा शेक घेतला. दोन महिन्यांत सहा किलो गेले, पावडरचे पैसे परवडेनात, बंद केलं, आठ किलो आले. मग कुणी सांगितलं दिवसातून दोनदाच जेव. ते मुक्कामी गाडीला जमेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरणीने त्यांना विचारलं, 'दिवसात चहा किती?' मोजले तर नऊ. प्रत्येकात दोन चमचे साखर. अठरा चमचे म्हणजे ९० ग्रॅम, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या चहातून, पोटात एक घास न जाता. डॉक्टरीण म्हणाली, बाकी काही करू नका, महिनाभर एवढंच बघा.

महिन्याभरात नवाचे चार झाले आणि साखर अर्धा चमचा. पुढच्या महिन्यात डबा सुरू झाला. दोन भाकरी, मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, एक कांदा, एक काकडी. हॉटेलात जेवायला बसायचं, पण तिथून फक्त ताक आणि वरण घ्यायचं. (या डब्यासाठी पहिले चार महिने वहिनी पहाटे साडेतीनला उठत होत्या, हेही लिहिलं पाहिजे. मग ड्रायव्हरसाहेब स्वतः मटकी भिजवायला आणि मोड आणायला शिकले. भाकरी अजून वहिनींचीच.) ड्यूटी संपली की आगारातून घरापर्यंत अडीच किलोमीटर चालत. रिक्षावाले हाका मारायचे, आता मारत नाहीत.

वजन ७९ वर यायला चौदा महिने लागले. म्हणजे महिन्याला साधारण साडेसहाशे ग्रॅम. हा आकडा कुठल्या पाटीवर लिहिला तर एक गिऱ्हाईक यायचं नाही. पण त्याला आता तीन वर्षं होत आली आणि काटा ७८ ते ८१ च्या मध्येच फिरतोय. दिवाळीत दोन किलो वाढतात, संक्रांतीपर्यंत उतरतात. दर सोमवारी आगाराच्या शेजारच्या किराणा दुकानात धान्याच्या काट्यावर उभे राहतात, दुकानदार आकडा मोठ्याने ओरडून सांगतो. मी विचारलं, सोडलं काय काय? म्हणाले, 'सोडलं काहीच नाही. सोडलं असतं तर पुन्हा धरलं असतं.'

या वाक्यावर मी बराच विचार केला. २०१८-१९ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात घरोघरी दीक्षित की दिवेकर हा वाद चालला होता, आठवतंय? डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवा म्हणत होते, ऋजुता दिवेकर थोडं थोडं, घरचं, आपल्या भागातलं खा म्हणत होत्या. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दोन पार्ट्या पडल्या होत्या, एका नातेवाइकाने दुसऱ्याला लग्नाच्या पंगतीत टोमणा मारला होता. मी कुणाच्याच पार्टीत नव्हतो. दोघांचं ऐकून बारीक झालेली आणि तशीच राहिलेली माणसं मला माहीत आहेत. दोघांचं ऐकून पुन्हा जाड झालेलीही माहीत आहेत. राहिलेल्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली, त्यांनी जे निवडलं ते त्यांच्या कामाच्या वेळेत आणि घरच्या चुलीवर बसणारं होतं. शेतात राबणाऱ्याला एक बसतं, बँकेत बसणाऱ्याला दुसरं.

ताटाचा हिशेब मात्र सगळ्यांना एकच सांगता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या २,००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यातलं काही अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिली, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. धान्य आणि डाळ शिजवण्याआधीच्या वजनाची.

तेलाचं गणित मी घरी बसून केलं. चार माणसांना दिवसाला १०८ ग्रॅम, म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती पुरतो? आमच्याकडे विचारू नका. साखर दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे चौघांना महिन्याला तीन किलो, आणि त्यात बिस्किटं, जिलबी, थंड पेय सगळं आलं. प्रत्येक घरात किराणाची यादी असते. डाएट चार्टपेक्षा ही यादी खरी बोलते. महिन्याच्या एक तारखेला तेल-साखरेचा आकडा बदलला तर महिनाभर कुणाला मन मारायला लागत नाही, कारण डब्यातच नसतं.

आणि डाळ. आपलं वरण बघा, ताटात आरसा ठेवल्यासारखं दिसतं. पोट भरतं ते भात-पोळीवर. भाकरीचं कौतुक मलाही आहे, ज्वारी आपली आहे, पण भाकरीही धान्यच, औषध नव्हे. एका मोठ्या भाकरीला किती पीठ लागतं ते एकदा काट्यावर तोलून बघा, मग चार भाकरी आणि वर भात हा हिशेब कुठे जातो ते कळेल. एक भाकरी कमी आणि एक वाटी उसळ जास्त, यात आपल्या कुणाच्या आजीला परकं वाटेल असं काही नाही.

पण हे सांगताना एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, ते गहू आणि तांदूळ. डाळ, भाजी, अंडं पदरच्या पैशाने. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ एक-एक किलो. सणाला गोड करायला दिलं, दिलं ते बरंच झालं, माझी तक्रार नाही. पण गरिबाच्या घरात सरकारकडून जे येतं त्यातलं बहुतेक धान्य, साखर आणि तेलच असतं, हे एकदा मांडून बघा. मग त्याच घरातल्या बाईला 'प्रोटीन वाढवा' म्हणणारा सल्ला किती पोकळ वाटतो ते कळतं.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसते, रात्री दहाला. उरलेला भात टाकवत नाही म्हणून खाते. म्हणजे घरातल्या चार माणसांच्या अंदाजाची चूक एकटीच्या पोटात जाते. वर उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपवासाने वजन उतरेल असं तिला वाटतं आणि फराळाला साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट, तूप. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. देवाला याचं काही पडलेलं नसावं. राजगिरा, भगर, ताक, काकडी, एखादं फळ यावरही एकादशी होते. व्रत मोडा असं कोण म्हणतंय?

आणि 'मी तर बारीक आहे, माझा काय संबंध' म्हणणाऱ्यांसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचाही उंची-वजनाचा बीएमआय एकच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. हातपाय काडीसारखे आणि पोटात चरबी, ही आपली ठेवण. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं पाहिली. आपली बाळं जन्मताना इंग्रज बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण चरबी त्या मानाने राखून असतात. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार आणि चाळिशीतला मधुमेह एकाच माळेत आहेत. म्हणूनच आपल्याकडे डॉक्टर बीएमआय २३ च्या वर गेला की सावध करतात, गोऱ्यांच्या तक्त्यातल्या २५ ची वाट बघत नाहीत.

काटा नसला तरी चालेल. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, मधोमध दुमडा, आणि बेंबीच्या वरून कंबरेला गुंडाळून बघा. टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली तर बारीक दिसणाऱ्यानेही शुगर तपासून घ्यावी.

आता घराबाहेर येऊ.

शाळेपासून सुरुवात करतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटापासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत. आपल्या गावातल्या कुठल्याही शाळेच्या गेटावर मधल्या सुट्टीत उभे राहा. पाच-पाच रुपयांच्या पुड्यांचे तोरण लटकलेलं असतं. मी त्या विकणाऱ्या मावशींवर कारवाई करा असं अजिबात म्हणत नाहीये. वीस वर्षांपूर्वी याच मावशी पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा आणि मीठ लावलेली कैरी विकायच्या. पुड्यांना नास नाही, एजंट दारात आणून देतो, उधारीवर देतो. पेरूला यातलं काहीच नाही. नगरपरिषदेने गेटावर फळ-शेंगांच्या हातगाड्यांना जागा ठरवून दिली आणि त्यांची रोजची पावती माफ केली तर तिचाही धंदा बुडत नाही. या पुड्यांच्या खाण्याचं एक विशेष आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न, हवं तेवढं खा म्हणून दिलं. तयार अन्नावर तीच माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. कुणी आग्रह केला नव्हता.

शाळेच्या आतलंही बघा. २०२३ च्या शेवटी राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, अंडं न खाणाऱ्यांना केळं सुरू केलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे काढून घेतले आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून बघा. आपल्याकडे गणपतीची वर्गणी तीन दिवसांत जमते. अंड्यांची कुणी मागितल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आणि आता ज्यासाठी ही एवढी लांबलचक पोस्ट लिहिली, ते मैदान.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भरभर चालण्याएवढी हालचाल करावी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. ठीक. कुठे? बायपासला फुटपाथ नाही, ऊस तोडणी सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही. सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला वाहनाने उडवल्याच्या बातम्या मी माझ्या हाताने लिहिल्यात, चार ओळींच्या असतात, आतल्या पानावर. बाजारपेठेत फुटपाथ आहे पण त्यावर दुकानाचा माल आहे. नदीकाठच्या रस्त्याला दिवे नाहीत आणि कुत्र्यांची टोळी आहे. बागेला दहा ते पाच कुलूप, तसा फलकच आहे, जणू चालायला लोक ऑफिसच्या वेळात येणार.

उरलं एकच, शाळेमागचं मोठं मैदान. पहाटे पाचपासून तिथे माणसं असतात. सहाच्या सुमारास बायकांचा घोळका येतो, कुणी साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेले. पोलीसभरतीची पोरं पळतात. आठवड्यातून दोनदा निवृत्त गुरुजींचा योगवर्ग, फुकट. मी एका सकाळी गेटावर उभा राहून मोजलं, साडेपाच ते साडेसात एकशे बारा माणसं आली, त्यात एकाहत्तर बायका. एक बाई म्हणाली, 'घरी सांगून येता येतं, भाऊ. रस्त्यावर फिरते म्हटलं तर सासू विचारते कुठे चाललीस, मैदानावर म्हटलं तर विचारत नाही.' आपल्या गावात बायकांना कारण न देता चालता येईल अशी ही एकच जागा आहे. वजन टिकवायचा कार्यक्रम म्हणतात तो हाच. याला पाटी नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

या मैदानाच्या रस्त्याकडच्या निम्म्या भागाचं खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलून तिथे व्यापारी गाळे काढायचा प्रस्ताव आहे. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघाली आहे. पेपरात आली होती, जाहिरातींच्या पानावर, आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. अशा नोटिशीवर हरकत घ्यायला महिन्याची मुदत असते. ती या शुक्रवारी संपते.

गाळ्यांची बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. नगरपरिषदेला उत्पन्न नाही, सफाई कामगारांचे पगार थकतात, आणि टपरीवाल्यांना पक्की जागा पाहिजे. पण जुन्या भाजीमंडईतले अकरा गाळे आजही बंद आहेत, शटरला गंज चढलाय. आधी ते का भरत नाहीत याचं उत्तर द्या. आणि मैदान एकदा गेलं की या गावात परत मैदान होणार नाही, जागाच नाही. उद्या हेच लोक ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतील, त्या गोळ्यांचं बिल नगरपरिषदेच्या हिशेबात दिसत नाही एवढंच.

मला काहीजण म्हणतील, वजनाचा आणि आरक्षणाचा काय संबंध जोडलास. ज्याच्याकडे ट्रेडमिल आहे त्याच्यासाठी नसेल. त्या एकाहत्तर बायकांना विचारा.

तर करायचं काय. हरकत लेखी द्यायची असते, फेसबुकवर लाइक ठोकून होत नाही. साध्या कागदावर, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, विषयात नोटिशीचा क्रमांक आणि तारीख (पहिल्या कॉमेंटमध्ये नोटिशीचा फोटो टाकलाय), खाली स्वतःचं नाव, पत्ता, सही. मजकूर माझा कॉपी करू नका, एकसारखी पत्रं गठ्ठ्यात जातात. तुम्ही त्या मैदानावर कधीपासून जाता, कशासाठी जाता, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का, मैदान गेलं तर कुठे जाणार, एवढं तुमच्या शब्दांत लिहा. सुनावणीला बोलवा, असंही त्यात मागा. दोन प्रती न्या, आवक-जावकच्या खिडकीत एक द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. शिक्का नाही म्हणाले तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी बुधवारी आणि गुरुवारी सकाळी सहा ते साडेसात मैदानाच्या गेटावर मी आणि दोन मास्तर कागद-पेन घेऊन बसतोय. चहा मिळेल, साखर अर्धा चमचा.